तग धरणारे गवत आणि नगरचा माळ

2019च्या उन्हाळ्यात पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या पट्ट्यात चारा छावण्यांची जणू गावेच वसली होती. कापडाच्या सावलीत दावणीला बांधलेली जनावरे, त्यांच्या कानांत बिल्ले, शेजारी बाजेवर मुक्कामाला आलेले घरातले कोणीतरी, पाण्याचा टँकर आणि उसाने भरलेला ट्रक. सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला 70 रुपये देत होते, ओरड झाल्यावर त्याचे 90 झाले. त्या पैशांतून गव्हाणीत पडत होता तो बहुतेक ऊस, नाहीतर उसाचे वाढे.

दुष्काळात जनावरे जगवायला ऊस लागावा, यातच नगरच्या चाऱ्याची सगळी गोम आहे. ऊस हे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पिणारे पीक. ज्या मुलखात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर अडतो, तिथे टंचाईच्या वर्षी तेच पीक कुट्टी करून गाईपुढे टाकावे लागते. शिवाय ते धड पोषकही नाही. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असते. ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, असे पशुवैद्य सांगत राहतात. त्याच वेळी छावणीपासून हाकेच्या अंतरावर, मुरमाड माळावर, कोणी पेरलेले नाही आणि कोणी पाणी घातलेले नाही असे गवताचे एखादे ठोंब वाळून पिवळे पडलेले, पण जिवंत असते. जूनच्या पहिल्या सरीनंतर चार-सहा दिवसांत त्याला हिरवे कोंब फुटतात. पाऊस नसताना ते काय करते, कशाच्या जोरावर टिकते आणि माणसाच्या कोणत्या वागण्याने त्याचा जोर संपतो, हा या विषयाचा गाभा आहे.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 2024 साली नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी तो अजून नगरच आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या पसाऱ्यात पावसाचा हिशेब एकसारखा नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या कुशीतल्या घाटघर-रतनवाडीकडे, वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघाले की सह्याद्रीच्या पाठीमागे ढग रिकामे होत जातात. पारनेर, नगर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेतले. मधोमध प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांचा हिरवा पट्टा आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पट्ट्यात. ऊस, द्राक्षे, दुधाचे टँकर अशी नगरची जी श्रीमंती बाहेर दिसते, ती बरीचशी या पट्ट्याची आहे. त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या माळांची गोष्ट वेगळी आहे.

हा माळ बेसाल्टचा आहे. वर वीतभर माती, कुठे तीही नाही, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा दगड. पाऊस जून-जुलैत थोडा, मग लांबलचक उघडीप, मग भाद्रपदात परतीचा. ज्वारी-बाजरीला ही उघडीप मारते. माळाच्या गवताला मात्र तिची सवय आहे. हजारो वर्षे त्याने हेच हवामान झेलले आहे.

भारतातल्या गवताळ प्रदेशांची पहिली मोठी शास्त्रीय मांडणी पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी 1973 साली ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ या ग्रंथात केली. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेत झालेल्या या कामात देशातल्या गवतांचे पाच प्रमुख गट पाडलेले आहेत. दख्खनचे पठार ज्या गटात येते, त्याला त्यांनी दोन गवतांची नावे दिली: सेहिमा आणि डायकँथियम. आपल्याकडे त्यांना पवना आणि मारवेल म्हणतात. माळाला मोकळीक मिळाली तर शेवटी तिथे हीच दोन गवते नांदतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मारवेल ओळखायचे तर त्याची काडी हातात घ्यावी. कांडीच्या गाठीगाठीवर पांढुरक्या केसांचे बारीक कडे असते. तुरा बोटे पसरल्यासारखा, जांभळट झाक असलेला. काडी बारीक आणि मऊ, त्यामुळे वाळल्यावरही गाय ती टाकत नाही. पवना थोडा उंच. तो उथळ, दगडाळ उतार धरतो. मारवेलला त्याहून जरा खोल जमीन लागते. डोंगरी गवत नावाप्रमाणे उतारावर दिसते. अंजनाचा तुरा कोल्ह्याच्या शेपटीसारखा केसाळ. ते रेताड, हलक्या जमिनीत जोमाने वाढते आणि राजस्थानपासून आफ्रिकेपर्यंत पसरलेले आहे.

आणि मग कुसळी. तिचे वैर धनगराला विचारावे. कुसळीच्या प्रत्येक बीजाला काळपट तपकिरी, पीळ पडलेले लांब कुसळ असते. वाळलेले कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला की ते हळूहळू पीळ सोडत फिरू लागते. सुकले की पुन्हा पीळ घेते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांवर असे फिरत फिरत टोकदार बी मातीत घुसते. स्वतःला पेरण्याची ही सोय कुसळीला दुष्काळी मुलखात उपयोगी पडते. मेंढीच्या लोकरीत अडकले की तेच टोक कातडीत घुसते, डोळ्याला इजा करते. कुसळी कोवळी असताना चांगला चारा आहे. कुसळ धरले की तीच डोकेदुखी होते.

दुष्काळाला तोंड देण्याचे वनस्पतींचे मार्ग ढोबळमानाने तीन. पहिला, पळ काढणे. पाऊस पडताच उगवायचे, सहा-आठ आठवड्यांत बी टाकायचे आणि मरून जायचे. दुष्काळ मग बियाच्या टरफलात बसून काढायचा. माळावरची बारीकसारीक हंगामी गवते हेच करतात. दुसरा, टाळणे. मुळे खोल पाठवायची, पानातून पाणी कमी जाऊ द्यायचे आणि वर कोरडे असले तरी आत ओल राखायची. तिसरा, सोसणे. पेशींतले पाणी कमी झाले तरी त्यांचे काम मोडू द्यायचे नाही. बारमाही चारा गवते दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र वापरतात.

मारवेल, अंजन, पवना, तसेच ज्वारी आणि बाजरी, या सगळ्यांच्या पानात हवेतला कार्बन पकडण्याची एक वेगळी रचना असते. शिरांभोवती पेशींचे दुहेरी कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन गोळा करतात आणि आतल्या पेशींकडे दाटीने पोचवतात. त्यामुळे पानावरची रंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि वाफेवाटे जाणारे पाणी वाचते. शास्त्रज्ञ याला सी-फोर पद्धत म्हणतात. तिचा फायदा किती, हे अमेरिकेत कोलोरॅडोमधील अ‍ॅक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी 1910च्या दशकात कुंड्यांमध्ये पाणी मोजून दाखवले होते. एक किलो वाळका चारा तयार करायला लसूणघासाला आठशे किलोहून अधिक पाणी लागले. ज्वारी आणि राळ्यासारख्या तृणधान्यांना तीनशेच्या आसपास. पाण्याचा हा अडीचपटीहून जास्त फरक नगरच्या गोठ्यात आजही तसाच लागू आहे.

दुपारी ऊन तापले की या गवतांचे पान लांबीतून मिटते, नळीसारखे होते. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या, पाणी भरलेल्या पेशींच्या ओळी असतात. त्या सैल पडल्या की पान आपोआप गुंडाळते आणि उन्हाला सामोरी जाणारी बाजू कमी होते. पेशींमध्ये साखरेसारखे विद्राव्य पदार्थ वाढतात. त्यामुळे सुकत्या मातीतूनही पाणी ओढता येते. उन्हाळा आणखी कडक झाला तर गवत वरची सगळी पाने सोडून देते. काडी वाळते, आणि जीव जमिनीलगतच्या बुंध्यात व मुळांत जाऊन बसतो. पुढच्या फुटव्यांचे डोळे आणि त्यांना लागणारा पिष्टाचा साठा तिथेच असतो. वरून मेलेले दिसणारे ठोंब खाली बहुतेक वेळा जिवंत असते.

या बाबतीतला अतिरेक पाहायचा तर खडकावरच्या उथळ मातीत वाढणारे, बोटभरही उंच नसलेले ओरोपेशियम हे गवत पाहावे. ते पूर्ण कोरडे होऊन तपकिरी पडते आणि पाणी मिळताच दिवसा-दोन दिवसांत हिरवे होते. गवत वर्गातील सर्वांत लहान जनुकसंचांपैकी एक त्याचा, म्हणून 2015 साली त्याचे संपूर्ण वाचन झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा, वाळून पुन्हा जगणाऱ्या, 62 वनस्पतींची नोंद केली आहे. ओरोपेशियमने कोणाची गाय पोसली जाणार नाही. पण पीक वाळल्यावर पेशींत काय मोडते आणि काय शाबूत राहते, हे शिकवायला ते पुरेसे आहे.

इथपर्यंतचे वर्णन वाचून एखाद्याला वाटेल की मग एवढे काटक गवत असताना माळ उघडा का पडतो? या प्रश्नाचे उत्तर आभाळात शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. ते बरेचसे चराईत आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी एफ. जे. क्रायडर यांनी केलेले प्रयोग 1955 साली प्रसिद्ध झाले. गवताचा वरचा भाग निरनिराळ्या प्रमाणात कापायचा आणि खाली मुळांचे काय होते ते काचेआडून पाहायचे, अशी साधी रीत. निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ फारशी अडत नाही. 80 टक्के काढला तर ती सुमारे 12 दिवस साफ थांबते. त्याहून अधिक काढला तर आणखी जास्त दिवस. ही थांबलेली मुळे पावसाळ्यात असतील तर खोल जाण्याची संधी गेली. आणि मुळे उथळ राहिलेले गवत पुढच्या उघडिपीत मरते. त्याच्या पानाची रचना कितीही काटकसरीची असली तरी त्याचा उपयोग होत नाही.

नगरच्या माळावर सगळ्यात नाजूक काळ असतो तो पहिल्या पावसानंतरचा. उन्हाळाभर उपाशी राहिलेली जनावरे त्याच वेळी माळावर सुटतात. गवताने साठवलेले शेवटचे पिष्ट खर्चून कोंब बाहेर काढलेला असतो, अजून पानाने नवे अन्न तयार करायला सुरुवात केलेली नसते, आणि तोच कोंब खुडला जातो. दोनदा-तीनदा असे झाले की ठोंबाचा साठा संपतो. दुष्काळ सोसणारे गवत दुष्काळ आणि तोंड हे दोन्ही एकाच वेळी सोसू शकत नाही. या विषयावरचा बहुतेक गोंधळ एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली तर मिटतो.

म्हणून माळ वाचता येतो. पवना आणि मारवेल दिसत असेल तर तिथे चराई मर्यादेत आहे. त्यांची जागा कुसळीने घेतली असेल तर ताण सुरू झाला आहे. कुसळीही हटून आखूड, हंगामी, काटेरी कुसळांची गवते उरली असतील, मधूनमधून तरवडाची झुडपे वाढली असतील, तर माळ थकला आहे. जनावरे तरवड खात नाहीत, म्हणूनच तो तिथे आहे. अशा माळावर वरून कितीही पाऊस पडला तरी दोन महिन्यांत चारा संपतो. कारण तिथे बारमाही मुळेच उरलेली नसतात.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झाले. चारा पिकांवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे ते महत्त्वाचे केंद्र आहे. तिथून बाहेर पडलेले वाण दोन प्रकारचे. एक ओलिताचे: बाजरी आणि नेपियर गवत यांच्या संकरातला फुले जयवंत, लसूणघासाचा आरएल-88. दुसरे कोरडवाहू: त्यात मारवेलचा फुले मारवेल 06-40 हा वाण ठळक. पहिल्या प्रकाराचे नाव गावोगावी माहीत आहे, कारण दूध संघाच्या पट्ट्यात त्याला मागणी आहे. दुसऱ्याची गोष्ट शांतपणे, बांधावरून बांधावर चालली आहे.

गवताचे वाण तयार करणे हे गहू-ज्वारीइतके सरळ नाही. अंजन आणि मारवेल यांच्यात बी तयार होते ते बहुधा फलनाशिवाय. परागकण आले तरी बीजात आईचाच गुणसंच उतरतो आणि लेक आईची हुबेहूब प्रत निघते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे उत्तम, कारण वाण बिघडत नाही. संशोधकाच्या दृष्टीने अडचणीचे, कारण दोन चांगल्या झाडांचा संकर करायचा तर लैंगिक प्रजनन करणारे झाड शोधावे लागते. अंजनाचे असे झाड टेक्सासमध्ये 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सापडले, तेव्हा कुठे त्याच्या संकराचा रस्ता उघडला. तोपर्यंत, आणि बऱ्याच अंशी अजूनही, काम चालते ते निवडीवर: ठिकठिकाणच्या माळांवरून ठोंबे गोळा करायची, एका शेतात लावायची, वर्षानुवर्षे पाहायची आणि त्यातली सरस ठेवायची. जोधपूरच्या काझरी संस्थेचे मारवाड अंजन अशा निवडीतूनच पुढे आले.

बियाण्याचीही अडचण आहे. अंजनाचे बी केसाळ आणि हलके. पाभरीच्या नळ्यातून ते सरळ उतरत नाही, अडकते. ताजे बी पेरले तर फार थोडे उगवते. काही महिने ठेवून मग पेरावे लागते. खोल पडले तर कोंब वर येत नाही. म्हणून बी बारीक मातीत मिसळून वरच्यावर टाकतात, किंवा माती-शेणात गोळ्या करून पावसाच्या तोंडावर पसरतात. मारवेलसाठी शेतकऱ्यांनी त्याहून सोपा मार्ग धरला आहे. जुने ठोंब खणायचे, वरचा पाला वीतभर ठेवून छाटायचा, मुळांसह दोन-तीन फुटवे वेगळे करायचे आणि पाऊस लागला की दीड फुटाच्या अंतराने बांधावर लावायचे. एकदा लागले की बरीच वर्षे काम देते, आणि शेजाऱ्याला द्यायला पुन्हा ठोंबे निघतात.

या गवतांनी जगही पाहिले आहे. मारवेल टेक्सासच्या क्लेबर्ग परगण्यात इतके रुजले की तिथे ते त्या परगण्याच्या नावाने ओळखले जाते. अंजन ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात उंटवाल्यांच्या खोगिरांतल्या भरावातून पोचले असे मानतात. तिथल्या गोपालकांना ते वरदान वाटले आणि पुढे त्याने मूळच्या वनस्पतींना हुसकावले, वणवे भडकवले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने त्याला उपद्रवी तण जाहीर केले. काटकपणा हा गुण जागेवर अवलंबून असतो. जिथे त्याला खाणारी तोंडे आणि शेजारी गवते दोन्ही आहेत, तिथे अंजन चारा आहे. म्हणून नगरच्या माळासाठी बाहेरून एखादे जगप्रसिद्ध गवत आणण्यापेक्षा इथलीच ठोंबे निवडण्याला अर्थ आहे.

संशोधन केंद्रातला काटकपणा गावात टिकतो की नाही, याची परीक्षा याच जिल्ह्यात झाली. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी 1975 नंतर जे काम उभे केले, त्यात पाणी अडवण्याबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये 1990च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि तोच धडा त्या गावाने शिस्तीने गिरवला. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, डोंगर उघडे, माणसे रोजगारासाठी बाहेर पडलेली अशी त्या गावाची अवस्था होती. उतारावर समतल चर खोदले गेले आणि जनावरे माळावर सोडणे बंद झाले. गवत वाढल्यावर ज्याला हवे त्याने विळ्यामागे ठरलेले शुल्क भरून कापून न्यायचे. जनावर दावणीला आणि भारा डोक्यावर, असा हा बदल. गावाचे रोजचे दूध नव्वदीच्या दशकाच्या मध्याला दीडशे लिटरच्या आसपास होते, ते पुढे काही हजार लिटरवर गेले. 2020 साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. हिवरे बाजारची चर्चा नेहमी पाण्याच्या अंगाने होते. पण गवत परतले नसते तर उतारावरची माती थांबली नसती, आणि माती थांबली नसती तर चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरले असते.

कापून नेणे आणि चरायला सोडणे यांत गवताच्या दृष्टीने मोठा फरक आहे. विळा एका ठरावीक उंचीवरून जातो आणि वर्षातून एकदा-दोनदा येतो. शेळी-मेंढी पुन्हा पुन्हा येते आणि नेमका कोवळा कोंब निवडते.

पण चराईबंदी म्हटले की दुसरी बाजूही पाहावी लागते. ज्या महात्म्याचे नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे, त्या जोतीराव फुले यांनी 1880च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गावांची गायराने गिळल्याची आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नसल्याची तक्रार केली आहे. माळ बंद करायचा तर कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पारनेरच्या ढवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात. दख्खनी मेंढी हीच त्यांची शेती. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला दावणीची गाय परवडत नाही.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीने यावर एक वाट काढली. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम सुरू झाले. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1993 साली उभ्या राहिलेल्या वॉटर या संस्थेचा त्यात सहभाग होता. सगळे गायरान एकदम बंद करायला मेंढपाळांचा विरोध होता. मग माळाचे भाग पाडले गेले आणि ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. एका भागाला विश्रांती मिळत असताना दुसऱ्यावर कळप चरत राहिले. गवताच्या शास्त्रालाही हेच हवे असते. मुळांना वर्षभराची बंदी लागत नाही. पावसाळ्याचे पहिले दोन महिने आणि बी पडण्याचा काळ एवढा मिळाला तरी ती भरून येतात.

कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य हे या गवतांचे आणखी एक ठिकाण. 1980 साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. काळवीट, लांडगा, माळटिटवी यांना झाडी नको असते, गवत हवे असते. तरी सरकारी दप्तरांत माळाची नोंद बहुधा पडीक म्हणून होते, आणि पडीक म्हटले की कोणीतरी तिथे गिरिपुष्पाची रोपे लावायला येते. पाऊसमान पाचशे असलेल्या उथळ मुरमावर झाडे दाटीने लावली की गवताची सावलीत उपासमार होते आणि झाडेही खुरटी राहतात. गवताळ माळ हीच तिथली पूर्ण वाढलेली अवस्था आहे, हे मान्य व्हायला अजून अवकाश दिसतो.

आता मर्यादा. वीस लिटर दूध देणारी संकरित होल्स्टिन गाय एकट्या मारवेलवर उभी राहणार नाही. फुलोऱ्यावर कापलेल्या गवतात पाच ते सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. बी पडून काडी वाळल्यावर ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. म्हणजे दुभत्या गाईला लसूणघास, मका, मुरघास, पेंड लागणारच. पण गोठ्यात दुभत्या गाईच फक्त नसतात. कालवडी असतात, भाकड गाई असतात, बैल असतात. अंगणात संगमनेरी शेळ्या असतात. त्यांच्यासाठीही ओलिताचाच चारा पिकवायचा, ही चैन पाचशे मिलिमीटरच्या मुलखाला झेपत नाही. ती जनावरे माळाच्या आणि बांधाच्या गवतावर निघाली तर विहिरीचे पाणी दुभत्या गाईपुरते राहते. गवतात स्टायलोसारखे द्विदल चारापीक मिसळले तर प्रथिनांची तूटही बरीच भरून निघते.

कापणीच्या वेळेत तर बिनखर्चाचा फायदा आहे. नगरकडे गवत कापायची घाई दसरा-दिवाळीनंतर होते, कारण त्याआधी बाजरी आणि सोयाबीनची सुगी चालू असते. तोवर बी पडून गेलेले असते, काडी लाकडासारखी झालेली असते, आणि गंजी लागते ती निकस चाऱ्याची. तुरे बाहेर पडू लागताच निम्मे गवत कापून वाळवायचे आणि उरलेले बी धरायला ठेवायचे, एवढे केले तरी गंजीची किंमत दुप्पट होते.

आणखी एक बाब पशुपालक जाणतात, पण चाऱ्याच्या हिशेबात धरत नाहीत. ताण पडलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर किराळ लागते. पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीच्या पानात हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य वाढते आणि भुकेली गाय काही मिनिटांत आडवी होते. म्हणजे दुष्काळातच हे पीक धोक्याचे होते. मालदांडीचा पक्का कडबा निर्धोक, पण तो रब्बी साधली तरच मिळतो. मारवेल-पवन्याची गंजी दुष्काळाच्या वर्षी अशा भीतीशिवाय फोडता येते.

पुढील प्रकरणांत या सगळ्याचा तपशील येतो: कोणत्या जमिनीला कोणते गवत, ठोंबे कुठून घ्यायची, बी कसे राखायचे, पेशीत काय घडते, गायरानाचे नियम कसे घालायचे. वाचताना एक भेद मनात ठेवावा. वाण हा विकत किंवा मागून आणता येतो आणि चांगला वाण जरूर आणावा. पण तग धरण्याची शक्ती त्या ठोंबाला दरवर्षी नव्याने, पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत, पानांकडून मुळांकडे साठवावी लागते. ते दोन महिने त्याला द्यायचे की नाही, हे माणसाच्या हातात आहे.

म्हणून ग्रामपंचायतींना आणि दूध संस्थांना एक विनंती. 1 मेच्या ग्रामसभेत गायरानाचे तीन भाग पाडावेत आणि त्यातला एक भाग पोळ्यापर्यंत बंद ठेवण्याचा ठराव करावा. उरलेले दोन भाग मेंढपाळांसाठी आणि शेळ्यांसाठी उघडे राहावेत, आणि दरवर्षी बंद भाग बदलावा. या ठरावाला निधी लागत नाही, यंत्र लागत नाही, मंजुरीसाठी मुंबईला जावे लागत नाही. तीन पावसाळे तो पाळला तर गायरानाचा प्रत्येक तुकडा एकदा तरी मुळापासून भरून येईल.